जांभळं

मी जिवाणू जगतात का ते बघते.
कामाचं विचारलं की एवढंच सांगते.
मुसळगाव फाट्यावरच्या रिक्षावाल्याला वाटायचं
मी ते मारत असेन.

बोटाच्या पेराएवढी कुपी,
तळाशी जांभळा आगर,
त्यात कोरडे निजलेले बीजाणू.
वर शंभर मायक्रोलिटर दूध, म्हणजे दोन थेंब.
मग चौसष्ट अंशांच्या खाचेत तीन तास.
त्या आचेत आपलं बोट ठरत नाही.
हे तिथेच जागे होतात,
खातात, वाढतात, आंबवतात,
आणि जांभळ्याचं पिवळं होतं.

पिवळं म्हणजे जगले.
जगले म्हणजे टँकर सोडा.
जांभळंच राहिलं, तर दुधात कोणीतरी आहे
ज्यानं त्यांना उठूच दिलं नाही.

काल टँकरचा मागचा कप्पा उठला नाही.
मग मागे मागे जायचं:
टँकर, रूट, गाव, कॅन.
डुबेऱ्याच्या बारा कॅनचे बारा नमुने बर्फात ठेवलेले होते.
अकरा पिवळे झाले, भाजल्या मक्यासारखे.
सात नंबर तसाच.
हौसाबाई पगार.

साडेनऊला फोन लावला.
गायीला काही दिलं होतं का?
"दगडी झाली हो तिला. मागच्या सडात
डॉक्टरांनी ट्यूब सोडली.
चार दिवस दूध ओता म्हणाले. ओतलं.
कुत्र्यालासुद्धा नाही दिलं, ताई, ओतलं."
चौथ्या दिवशी?
पलीकडे पाण्याची मोटार चालू होती.
बराच वेळ नुसती मोटार.
"चौथ्या दिवशी ते पांढरंच दिसत होतं."

मी काय बोलणार.
पांढरं तर ते पहिल्या दिवशीही दिसतं.

फोन ठेवताना हात
आपोआप ओढणीखाली गेला.
डावीकडे, काखेच्या बाजूला, लिंबाएवढा दगड.
कामावर परत आल्याला नऊ दिवस झाले,
पोर सहा महिन्यांची, सिन्नरला सासूबाईंकडे,
आणि पर्समध्ये कॅप्सूलची पट्टी,
दर सहा तासांनी एक.
डॉक्टर म्हणाल्या, पाजत राहा,
पाजलंत तरच सुटेल, बाळाला काही होत नाही.
त्या शिकलेल्या आहेत. मीही बी.एस्सी. आहे.

दोन वाजता प्रयोगशाळेत कोणी नसतं.
बाहेर डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे,
एक लागतो, एक विझतो, एकमेकांचं ऐकत नाहीत.
बाथरूममध्ये मी बीकर धरला.
दुखलं. गायीला लाथ मारता येते.

दूध दहा मिनिटं ऐंशी अंशांवर ठेवलं,
कारण अंगच्या दुधातही एक मारक असतो,
कोणी न दिलेला, जन्मजात.
त्याला आधी निकामी करावं लागतं,
नाहीतर यंत्र त्यालाच औषध समजेल.
मग दोन थेंब,
तेराव्या खाचेत.
कुपीवर नंबर घातला नाही.

तीन तास बोडके साहेबांच्या खुर्चीत बसून
मी जुन्या नोंदी चाळत होते.
मार्चमध्ये एकही जांभळी नाही.
मार्चमध्ये कोणी आजारी पडलं नव्हतं,
की मी नव्हते म्हणून कोणी बघितलं नव्हतं?

साडेपाचला झाकण उघडलं.
काठाला पिवळं.
मधे जांभळं.
चिमटीत धरून ट्यूबलाइटखाली फिरवलं,
पांढऱ्या कागदावर ठेवलं, मग खिडकीपाशी.
झुंजूमुंजूच्या उजेडात तर ते
दोन्हीही वाटत होतं.

शंका असेल तर जांभळंच धरायचं,
भिंतीवर साहेबांच्या अक्षरात लिहिलंय.

रजिस्टरमध्ये मी बारा ओळी भरल्या.
सात नंबरपुढे फुली.
हौसाबाईंच्या कॅनवर खडूनं तीच फुली,
आणि खाली, नियमात नाही तरी,
"आणखी दोन दिवस" असं लिहिलं.
तेरावी कुपी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

सव्वासहाला घरी पोचले तर पोर रडत होती.
सासूबाई म्हणाल्या, तुझाच आवाज ओळखते बघ.
मी डॉक्टरांचं ऐकलं.
घेतली, पदर सारला,
पाजायला बसले.

पण आधी उजवीकडून.